चाकापूर्वीची माती, चाकानंतरची आग

भंडारा शहराच्या पश्चिमेला, नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत वसलेले जवाहरनगर हे १९६०च्या दशकात आयुधनिर्माणीसाठी उभे राहिलेले वसाहतनगर आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कामगारांची, तंत्रज्ञांची आणि त्यांच्या कुटुंबांची ही वस्ती मोजमाप, शिस्त आणि यंत्र यांच्याभोवती वाढली. या वसाहतीतील एखाद्या विद्यार्थ्याने, गृहिणीने किंवा सेवानिवृत्त कामगाराने चाकावर मातीचे भांडे घडवायला शिकायचे ठरवले, तर त्याला नेमके काय शिकावे लागेल, किती काळ शिकावे लागेल आणि कोणाकडून शिकता येईल, या प्रश्नांची उत्तरे शोधणे हा या लेखाचा उद्देश आहे. हे प्रश्न जवाहरनगरच्या संदर्भात विचारण्याला कारण आहे. कुंभारकामाला लागणारी माती, ती भाजायला लागणारे जळण आणि ते भाजण्याची जाण असलेली माणसे या तिन्ही गोष्टी भंडारा जिल्ह्यात आजही हाताशी आहेत. मात्र त्यांना एकत्र आणणारे शिक्षण विरळ आहे.

शहरांतून गेल्या काही वर्षांत मातीकामाच्या कार्यशाळांना चांगले दिवस आले आहेत. पुण्यामुंबईत विजेवर फिरणाऱ्या चाकापुढे बसून पहिला वाडगा घडवण्याचा अनुभव शुल्क भरून घेता येतो, आणि त्यातून अनेकांना या कलेची खरी गोडीही लागते. परंतु अशा कार्यशाळेत माती पिशवीतून तयार येते आणि घडवलेले भांडे भाजायला दुसरेच कोणीतरी घेऊन जाते. त्यामुळे कुंभारकाम म्हणजे चाक, असा समज शिकणाऱ्याच्या मनात सहज रुजतो. वास्तविक चाकावरचे काम हा या विद्येचा मधला आणि सर्वांत देखणा भाग असला, तरी त्याच्या अलीकडची माती आणि पलीकडची आग यांच्याशिवाय ते काम अपुरे राहते. नवशिक्याचे शिक्षण या दोन टोकांपासून तोडले, की त्याच्या हाती कसरत येते, विद्या येत नाही.

गाळापासून गोळ्यापर्यंत

भंडाऱ्याची ओळख तलावांचा जिल्हा अशी आहे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने पूर्व विदर्भात जे असंख्य तलाव बांधले, ते पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेल्यामुळे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि १९५१मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर लोकांच्या तोंडी ते ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. या तलावांनी धानाला पाणी दिले, तशीच कुंभाराला माती दिली. पावसाच्या पाण्याबरोबर शेतांतून आणि टेकड्यांवरून वाहून आलेल्या मातीतील जड वाळू तलावाच्या तोंडाशीच खाली बसते आणि अत्यंत बारीक कण आत, संथ पाण्यात, थरावर थर साचत जातात. मातीचे कण आकाराप्रमाणे वेगळे करण्याचे जे काम आधुनिक कारखान्यात यंत्राने होते, ते येथे दरवर्षी पावसाळा करतो.

सर्वच बारीक माती मात्र चाकावर चढत नाही. या भागात शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, खरडी, सिहार अशा नावांनी ओळखतात आणि त्यांपैकी कन्हार म्हणजे काळी, भारी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन. काळ्या मातीतील चिकण खनिजे पाणी भरपूर शोषून फुगतात आणि वाळताना तितकीच आक्रसतात, त्यामुळे नुसत्या काळ्या मातीचे भांडे सावलीतही तडकते. याउलट वाळूचे प्रमाण जास्त असलेली माती आक्रसत कमी असली, तरी ती चाकावर ताणली की फाटते. कुंभार म्हणूनच दोन-तीन ठिकाणची माती मिसळतो आणि तिच्यात गरजेप्रमाणे बारीक वाळू, राख किंवा घोड्याची लीद घालतो. लिदीतील तंतू कच्च्या भांड्याला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेल्यावर मागे सूक्ष्म छिद्रे सोडतात. माठातील पाणी याच छिद्रांतून पाझरते, बाहेरच्या पृष्ठभागावर त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली गेल्यामुळे ते थंड राहते.

मातीचा जो गुण कुंभाराला हवा असतो, त्याला लवचिकता म्हणतात. दाब दिला की माती हलते आणि दाब काढला की दिलेला आकार धरून राहते, असा त्याचा अर्थ. चिकणमातीचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असून त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. या थरामुळे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, पण सुटत नाहीत. पाणी कमी पडले तर माती चिरते आणि जास्त झाले तर ती स्वतःचे वजन पेलू शकत नाही. माती ओलसर अवस्थेत काही दिवस किंवा काही आठवडे मुरू दिली, तर पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचते आणि तीच माती अधिक वळणदार होते. घाईने भिजवलेली माती आणि मुरवलेली माती यांतील फरक अनुभवी बोटांना पहिल्याच स्पर्शात कळतो.

नवशिक्यासाठी मातीची पहिली परीक्षा सोपी आहे. भिजवलेल्या मातीची बोटाएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळावी. वळी न चिरता वाकली तर माती चाकावर चढण्याची शक्यता आहे. त्यानंतर त्याच मातीची सपाट पट्टी करून तिच्यावर १० सेंटीमीटर लांबीची रेघ ओढावी आणि पट्टी पूर्ण वाळल्यावर ती रेघ पुन्हा मोजावी. ती ९ सेंटीमीटरपेक्षा बरीच आखूड झाली असेल, तर मातीत वाळू किंवा राख मिसळणे आवश्यक आहे. आयुधनिर्माणीच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना मोजून काम करण्याचे संस्कार घरातूनच मिळालेले असतात, आणि ते संस्कार या टप्प्यावर फार उपयोगी पडतात.

चाळून, भिजवून, मुरवून झालेली माती चाकावर घेण्यापूर्वी मळावी लागते. परंपरेने कुंभार ती पायाने तुडवतो आणि मग हाताने मळतो. या मळण्यामुळे मातीतील ओलावा सर्वत्र सारखा होतो, खडे हाताला लागतात आणि कोंडलेली हवा निघून जाते. हवेचा बुडबुडा राहिला तर भट्टीत भांडे फुटते, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात बहुतेक भांडी फुटतात ती अपुऱ्या वाळलेल्या भिंतीत अडकलेल्या पाण्याच्या वाफेमुळे. बुडबुड्याचा खरा त्रास चाकावर होतो, कारण भिंत वर ओढताना बोट त्याच्यापाशी अडखळते आणि गोलाई बिघडते.

गोळा मध्यावर आणणे

चाकावरच्या कामाचे पहिले आणि सर्वांत अवघड पाऊल म्हणजे गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणणे. चाकावर आपटून बसवलेला गोळा कितीही काळजीने ठेवला, तरी तो थोडा एका बाजूला असतोच, आणि चाक फिरू लागले की ही तिरकस बाजू प्रत्येक फेऱ्यात हाताला धक्का देते. नवशिका स्वाभाविकपणे त्या धक्क्यामागे हात नेतो, म्हणजे गोळा हाताला हलवतो आणि हात गोळ्याच्या मागे धावतो. शिकायचे असते ते याच्या उलट: हात एका जागी रोवून ठेवायचा आणि फिरणाऱ्या मातीला त्या स्थिर हातापुढे स्वतःची जागा शोधायला लावायचे.

हे मनगटाच्या ताकदीने साधत नाही. कोपर मांडीवर किंवा बरगडीशी टेकवून हाताला शरीराचा आधार द्यावा लागतो. एका तळव्याची टाच गोळ्याला बाजूने दाबते, दुसरा हात वरून खाली दाब देतो आणि दोन्ही हात एकमेकांना स्पर्श करून एकच साचा झाल्यासारखे काम करतात. हात ओले असतात, कारण कोरडा हात मातीला चिकटून तिला पिळतो. पण पाणी फार वापरले तर माती चिखल होऊन सैल पडते. मग दोन्ही हातांनी गोळा बाजूंनी आवळत शंकूसारखा वर चढवला जातो आणि वरून दाबत पुन्हा खाली आणला जातो. असे काही वेळा केल्यावर आतल्या मातीचे कण चाकाच्या गतीशी जुळतात. गोळा मध्यावर आला की डोळ्यांना चाक थांबल्यासारखे वाटते, कारण फिरणाऱ्या गोळ्याच्या कडेत कोणतीही हालचाल उरत नाही. तेव्हाही हात झटकन उचलून चालत नाही. दाब हळूहळू कमी करत हात सोडवावे लागतात, अन्यथा सुटतानाचा शेवटचा झटका सगळे काम बिघडवतो.

यानंतर गोळ्याच्या माथ्यावर अंगठ्याने खळगा पाडून तो खाली नेला जातो. तळाशी साधारण एक सेंटीमीटर जाडीची माती राखायची असते आणि ती बोटांनी नीट दाबून घ्यायची असते, कारण न दाबलेला तळ वाळताना मधोमध चिरतो. मग भिंत वर ओढण्याचे काम सुरू होते. एका हाताची बोटे आतून आणि दुसऱ्या हाताची बोटे बाहेरून भिंतीला चिमटीत धरतात आणि दोन्ही हात एकाच संथ वेगाने वर सरकतात. चाकाच्या एका फेऱ्यात हात जेमतेम बोटाच्या रुंदीइतका वर जायला हवा. तो त्याहून लवकर गेला, तर भिंतीवर मळसूत्रासारखा उंचसखल वळसा उमटतो आणि पुढच्या ओढीत त्याच जागी भिंत लचकते. नवशिक्याच्या भांड्याचा तळ जवळपास नेहमीच जड आणि काठ पातळ असतो. म्हणूनच पहिली काही भांडी जपून ठेवण्यापेक्षा दोऱ्याने उभी कापून त्यांच्या भिंतीची जाडी पाहणे अधिक शिकवून जाते. बाहेरून सुबक दिसणाऱ्या भांड्यात माती कुठे अडकून राहिली, हे त्या कापलेल्या कडेत स्पष्ट दिसते.

पारंपरिक चाक जमिनीत रोवलेल्या खुंटीवर तोललेले, जड दगडाचे किंवा आऱ्यांचे असते. त्याच्या कडेजवळच्या खाचेत दांडा घालून ते फिरवले, की आपल्या वजनाच्या जोरावर ते बराच वेळ फिरत राहते आणि हळूहळू मंदावते. या मंदावण्यातच कामाचा क्रम दडलेला आहे. गोळा मध्यावर आणायला वेग लागतो, भिंत ओढायला त्याहून कमी, आणि काठ गोल करून दोऱ्याने भांडे कापून घ्यायला सर्वांत कमी. जड चाक हा क्रम आपोआप पाळते आणि शिकणाऱ्याला तो अंगवळणी पाडते. विजेच्या चाकावर वेग पायाखाली असतो, त्यामुळे दांडा फिरवण्याचे कष्ट वाचतात, पण कधी मंद करायचे हा निर्णय शिकणाऱ्याला स्वतः घ्यावा लागतो. नवशिके बहुतेक वेळा सगळे काम एकाच वेगात उरकू पाहतात आणि चुकतात.

पणतीपासून माठापर्यंत

शिकण्याची सुरुवात पणतीने व्हावी, यात परंपरेचे शहाणपण आहे. पणतीसाठी छोटा गोळा वेगळा घ्यावा लागत नाही. चाकावर मोठा, उंच शंकू ठेवून त्याचे केवळ टोक मध्यावर आणले जाते, त्यात अंगठा दाबून खोलगटपणा दिला जातो, काठ एका जागी चिमटून वातीसाठी चोच काढली जाते आणि दोऱ्याने ती पणती खालच्या मातीपासून अलग केली जाते. लगेच उरलेल्या शंकूच्या टोकावर पुढची पणती सुरू होते. एकाच बैठकीत तीच कृती पुन्हा पुन्हा होत असल्याने चूक आणि तिची दुरुस्ती यांच्यात काही क्षणांचेच अंतर राहते, आणि बिघडलेल्या पणतीची माती परत मळून घेता येते.

पणतीच्या दुसऱ्या टोकाला माठ आहे, आणि माठ पूर्णपणे चाकावर होत नाही, हे शहरी विद्यार्थ्याला सहसा ठाऊक नसते. भारतीय कुंभार माठाचा काठ, मान आणि जाड भिंतीचा खांदा चाकावर घडवतो. ते कवच थोडे वाळले, की आतून गोटा आणि बाहेरून थापटणे धरून ते ठोकत ठोकत पातळ करतो आणि गोल बुड मिटवत आणतो. गोटा म्हणजे आतून टेकवायचा मुठीएवढा गोल दगड किंवा भाजलेल्या मातीचा गोळा, आणि थापटणे म्हणजे बाहेरून मारायची लाकडी फळी. ठोकण्याने भिंत पातळ होते, तसेच मातीचे कण दाबले जाऊन ती मजबूतही होते. तेरच्या संत गोरोबाकाकांच्या कथेत संतमंडळींची मस्तके थापटून कोण पक्का आणि कोण कच्चा हे ठरवले जाते. त्या कथेतील थापटणे हे कुंभाराच्या रोजच्या हातातील हेच साधन आहे.

चाकाची ही विद्या महाराष्ट्रात किती जुनी आहे, याची साक्ष उत्खननांनी दिली आहे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे या गावावरून ज्या भांड्यांना नाव मिळाले, ती ताम्रपाषाणयुगीन जोर्वे भांडी वेगवान चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली, तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली आहेत. पुण्याजवळच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात कुंभाराची भट्टीही सापडली. विदर्भात टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नायकुंड या महापाषाणयुगीन स्थळांवर काळी-आणि-तांबडी भांडी मिळाली, ज्यांचा आतला भाग व काठ काळा आणि बाहेरचा भाग तांबडा असतो. भट्टीत जेथे हवा मिळते तेथे मातीतील लोह तांबडे होते आणि जेथे हवा कोंडते तेथे ते काळे पडते. हा भेद त्या कुंभारांनी हुकमी वापरला होता. भंडारा जिल्ह्यातच, वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननाने प्राचीन स्तूप उजेडात आणले आणि या नदीकाठची नागर वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी असल्याचे दाखवले.

शिकायला किती काळ लागतो

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न भारतातच झाला. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ व्हॅलेंटाईन रू यांनी डॅनिएला कॉर्बेटा यांच्यासह दिल्लीतील कुंभारांच्या कौशल्याचा अभ्यास केला आणि १९८९मध्ये तो प्रसिद्ध केला. चाकावर भांडी घडवण्याचे पूर्ण कौशल्य येण्यास सुमारे १० वर्षे लागतात, आणि शिकणारा लहान भांड्यांपासून मोठ्या भांड्यांपर्यंत पायरी पायरीने जातो, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. कारण या कामात दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळे काम करतात, दोन्हींवर वेगवेगळा दाब असतो, आणि तरीही ते एकमेकांशी क्षणाक्षणाला जुळलेले असावे लागतात. रोजच्या व्यवहारात हातांना अशी सवय नसते, ती नव्याने घडवावी लागते. पुढे २०१३मध्ये एनोरा गँडन आणि सहकाऱ्यांनी भारतीय व फ्रेंच कुंभारांच्या हातांच्या ठेवणीची तुलना केली, तेव्हा दोन्ही परंपरांतील बोटांच्या ठेवणी वेगळ्या असूनही त्यांतून जवळपास सारखे आकार साकारू शकतात, असे दिसून आले. नवशिक्यासाठी याचा अर्थ असा, की हाताची ठेवण एकच बरोबर आणि बाकी चूक, असे नसते. मात्र जी ठेवण स्वीकारली, ती दीर्घकाळ सांभाळावी लागते.

या पार्श्वभूमीवर शासकीय योजनांकडे पाहायला हवे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८मध्ये सुरू केलेल्या कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमातून विजेची चाके आणि प्रशिक्षण दिले जाते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत कुंभारकामाचा समावेश आहे. तिच्यात पाच ते सात दिवसांचे, ४० तासांचे प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तरतूद आहे. ज्याच्या घरात चाक पिढ्यान्‌पिढ्या फिरले, त्याला दांड्याच्या चाकावरून विजेच्या चाकावर यायला ४० तास पुरेसे आहेत, आणि त्याच्या कष्टांत झालेली घट ही मोठी गोष्ट आहे. परंतु ज्याच्या घरी ही विद्या नव्हती किंवा मागच्या पिढीत सुटली, त्याच्यासाठी ४० तास हे केवळ दार उघडणे होय. त्यापुढील वर्षे कोणी सांभाळायची, याचे उत्तर योजनेत नाही, आणि ते स्थानिक पातळीवरच द्यावे लागेल.

वाळवण आणि आवा

घडवलेले भांडे ताबडतोब भाजता येत नाही. आधी ते सावलीत वाळून अशा अवस्थेला येते, की हाताला कातड्यासारखे घट्ट लागते, पण आत ओल असते. याच वेळी त्याचा तळ तासून साफ करता येतो आणि कान किंवा चोच जोडता येते. त्यानंतर ते पूर्ण वाळू दिले जाते. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा काठ आधी वाळतो आणि बुड मागे राहते, आणि हा फरकच भेगेला कारण ठरतो. म्हणून काठावर ओले फडके ठेवणे, भांडी उलटीपालटी करणे आणि वाऱ्याचा झोत टाळणे आवश्यक असते. पावसाळ्यात उलट अडचण असते. भांडे वरून वाळल्यासारखे दिसते, पण भिंतीत पाणी राहते. या कारणाने कुंभाराचे भाजण्याचे मुख्य काम पावसाळ्याबाहेरच होते.

भाजण्याची पारंपरिक पद्धत म्हणजे आवा. जमिनीवर किंवा उथळ खळग्यात गोवऱ्या आणि लाकूड यांचा थर, त्यावर एकमेकांत बसवलेली भांडी, मधल्या जागांत पुन्हा जळण आणि वरून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून त्यावर फुटक्या खापरांचा, राखेचा किंवा चिखलाचा थर दिला जातो. धान पिकवणाऱ्या या जिल्ह्यात तणस आणि तूस मुबलक आहे, आणि तूस मंद, एकसारखे जळत असल्याने आव्याच्या सुरुवातीच्या टप्प्याला ते फार अनुकूल असते. सुरुवातीला आग जाणूनबुजून मंद ठेवतात, कारण १०० अंशांच्या आसपास भिंतीतील उरलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. पुढे ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांच्या रचनेत बांधलेले पाणीही निघून जाते. या मर्यादेपूर्वी भांडे पाण्यात टाकले, तर त्याचा पुन्हा चिखल होतो. ती ओलांडल्यावर ते कधीही चिखल होत नाही. माती आणि भांडे यांच्यातील सीमारेषा येथे आहे. याच पट्ट्यात, ५७३ अंशांना, मातीतील वाळूचे कण अचानक आकारमान बदलतात, म्हणून तापवताना आणि विशेषतः निववताना घाई केली, तर पक्के भांडेही तडकते. आव्याचे तापमान साधारणपणे ७०० ते ८५० अंशांपर्यंत जाते. कुंभाराकडे तापमापक नसतो. धुराचा रंग, फटीतून दिसणारी लाली आणि थर खाली बसण्याची गती यांवरून तो निर्णय घेतो. आवा थंड झाल्यावर प्रत्येक भांडे बोटाने वाजवून पाहिले जाते. खणखणीत आवाज आला तर ते पक्के, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे.

जवाहरनगरच्या नवशिक्याला याच टप्प्यावर गावाकडे जावे लागेल. दारूगोळा तयार करणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीत उघडा आवा पेटवण्याचा विचारही करता येणार नाही, आणि करूही नये. त्यामुळे चाक वसाहतीत आणि आग कुंभाराच्या अंगणात, अशी विभागणी येथे अपरिहार्य आहे. ही अडचण खरे तर शिक्षणाला पोषक आहे, कारण शिकणारा त्या निमित्ताने एका आव्याचा संपूर्ण प्रवास, रचण्यापासून उघडण्यापर्यंत, जाणत्या माणसाशेजारी बसून पाहील. ज्यांना चहाचे पेले किंवा जेवणाची ताटे करायची आहेत, त्यांनी मात्र हे लक्षात ठेवावे, की आव्यात भाजलेले भांडे पाझरते. ते पाझरू नये म्हणून त्यावर झिलई, म्हणजे काचेसारखा वितळलेला थर, द्यावी लागते, खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी शिसेयुक्त झिलई सर्वथा टाळावी लागते, आणि तेवढी उष्णता सोसणारी माती घेऊन १,२०० अंशांपुढे भाजणारी भट्टी वापरली तर भांडे अंगानेच घट्ट होते. तसेच वाळलेल्या मातीची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. कामाची जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

कोणी शिकायचे, कोणाकडून शिकायचे

बलुतेदारीच्या काळात कुंभार गावाला वर्षभर भांडी पुरवत असे आणि सुगीला धान्याचा वाटा घेत असे. संक्रांतीची सुगडी, नवरात्रातला घट, पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीच्या पणत्या आणि अखेरच्या प्रवासातले मडके असा त्याचा हात माणसाच्या सगळ्या वर्षाला आणि सगळ्या आयुष्याला लागलेला होता. भंडारा हे तर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले शहर. घरातले मडके आधी तांब्यापितळेने, मग ॲल्युमिनियम आणि स्टीलने, शेवटी प्लास्टिक आणि फ्रीजने मागे सारले. मागणी घटली तशी पुढच्या पिढीने चाक सोडले, यात त्या पिढीचा दोष नाही.

परंपरेची एक बाजू मात्र स्पष्टपणे बोलून दाखवायला हवी. कुंभारांच्या घरात माती चाळणे, भिजवणे, रंग देणे, भांडी वाळवणे आणि बाजारात विकणे ही कामे स्त्रियांनी केली, पण बहुतेक ठिकाणी चाकावर बसण्याचा अधिकार त्यांना मिळाला नाही. आणि ज्या जातीने ही विद्या हजारो वर्षे सांभाळली, तिला समाजाने मान दिला नाही. आज शहरी कार्यशाळांत शिकणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तीच कृती कार्यशाळेत कला ठरावी आणि गावात हलका धंदा ठरावा, ही विसंगती आहे. ती दूर करण्याचा साधा मार्ग म्हणजे शिकवणाऱ्या कुंभाराला गुरूचा मान आणि शिकवण्याचे योग्य मोल देणे. मूळचे बिहारचे आणि मुंबई परिसरात स्थायिक झालेले कुंभार ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या दिशेने एक पाऊल पडले. पुढची पावले गावोगावी पडायला हवीत.

भद्रावतीचा धडा

विदर्भाला या बाबतीत स्वतःचा वारसा आहे. डिसेंबर १९३४मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली वर्ध्याच्या मगनवाडीतून चालले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय उघडले गेले. आणि ऑक्टोबर १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेतून हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण हा नई तालीमचा विचार पुढे आला. याच विचाराच्या प्रेरणेने कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५०च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे ग्रामोदय संघ उभा केला आणि ग्रामीण कुंभारांच्या प्रशिक्षणाला, मातीच्या परीक्षणाला आणि सुधारित भट्ट्यांना आयुष्य वाहिले. मराठीभाषक सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथेही खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे. या संस्थांनी माती, चाक आणि भट्टी ही एकाच अभ्यासाची तीन अंगे मानली, हे त्यांचे महत्त्व.

भद्रावतीचा दाखला जवाहरनगरसाठी आणखी एका कारणाने अर्थपूर्ण आहे. भद्रावतीतही आयुधनिर्माणी आहे, आणि १ ऑक्टोबर २०२१पासून तीही भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीप्रमाणे म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीच्या अखत्यारीत आहे. म्हणजे मोठा कारखाना आणि मातीकामाचे शिक्षण ही दोन्ही एका गावात, एकमेकांना बाधा न आणता, दशकानुदशके नांदू शकतात. जे भद्रावतीत घडले, ते जवाहरनगरच्या परिसरात घडू नये असे कोणतेही कारण दिसत नाही. येथे मातीसाठी तलाव आहेत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या राज्य योजनेतून तलावांतील गाळ काढून शेतांवर नेला जातो, आणि त्यातील योग्य गाळाचा छोटासा हिस्सा कुंभारकामासाठी राखून ठेवणे अवघड नाही. धानाचे तूस आणि तणस प्रत्येक खळ्यावर आहे. वसाहतीत मोजमापाची सवय असलेली, फावला वेळ असलेली आणि यंत्र दुरुस्त करू शकणारी माणसे आहेत. आसपासच्या गावांतील कुंभार कुटुंबांत आवा लावण्याचे ज्ञान अजून जिवंत आहे, पण ते पुढे देण्याचे वय निघून चालले आहे.

म्हणून या भागातील शाळा, वाचनालये, महिला मंडळे आणि निवृत्त कामगारांच्या संघटना यांना एवढेच आवाहन करायचे आहे: विजेचे चाक विकत घेण्यापूर्वी आपल्या गावचा कुंभार शोधावा, त्याला मानधन देऊन शिकवायला बोलवावे, जवळच्या तलावाची माती त्याच्या देखरेखीखाली तपासावी आणि निदान एक आवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्यासोबत लावावा. आणि ज्यांना स्वतः शिकणे शक्य नाही, त्यांनी या दिवाळीत पणत्या त्याच्याकडूनच घ्याव्यात, आणि घेताना घासाघीस करू नये.